स्पॅनाकोपिटा (फिलोच्या थरांत पालक आणि चीज भरून भाजलेला ग्रीक पदार्थ) खालून गिचगिचीत होऊ नये म्हणून काय करावं?

बहुतेक वेळा दोष पालकातल्या पाण्याचा असतो, फिलोचा (मैद्याच्या कागदासारख्या पातळ शीटचा) नाही. अर्धा किलो पालक चिरून कढईत नुसता कोमेजू द्या, गार झाला की स्वच्छ पंच्यात बांधून पाणी यायचं थांबेपर्यंत पिळा. इथे घाई अजिबात नको.

मग परतलेला पातीचा कांदा, मूठभर शेपू, हाताने कुस्करलेलं २०० ग्रॅम फेटा चीज आणि २ अंडी. मीठ घालू नका, फेटा चीज मिठाच्या पाण्यातच मुरलेलं असतं. आपल्याकडे शेपूला नाक मुरडणारे पुष्कळ, पण स्पॅनाकोपिटात तो हवाच. चीजच्या खारटपणात त्याचा उग्रपणा छान मिसळतो.

फिलो आदल्या रात्री फ्रीजरमधून फ्रीजमध्ये ठेवा आणि थर लावताना ओलसर फडक्याखाली झाका, नाहीतर कडक होऊन तुटते. खाली ६-७ शीट, वरही तितक्याच, प्रत्येकीला ऑलिव्ह तेलाचा हात. भाजण्याआधीच वरच्या थरांना सुरीने चौकोनी चिरा द्या: वाफ बाहेर पडते आणि नंतर कापताना चुरा होत नाही. १८० अंशांवर, ओव्हनच्या खालच्या कप्प्यात, ४५-५० मिनिटं. तळही सोनेरी व्हायला हवा. बाहेर काढल्यावर झाकण ठेवू नका.

अंडी चालत नसतील तर? ग्रीसमध्ये ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती उपवासाच्या दिवसांत अंडी आणि चीज दोन्ही वगळून नुसत्या पालेभाजीचा असाच प्रकार करतात. तो खुशाल करा, तेल आणि शेपू मात्र सढळ हाताने.