शेजारी नवं बिऱ्हाड आलंय म्हणालीस, त्याबद्दल

प्रिय मुली,

परवा फोनवर तू विचारलंस, "काकू, शेजारी ब्लॅक फॅमिली आलीये, मी कसं वागू?" तेव्हा मी कुकरची शिट्टी झाल्याचं निमित्त करून फोन ठेवला. खरं सांगू? लाज वाटली. न्यू जर्सीत घर घेताना एजंट डोळे मिचकावत म्हणाला होता, "एरिया चांगला आहे." अर्थ आम्हाला कळला होता: इथं काळे राहत नाहीत. मुकाट्यानं सह्या केल्या.

तुझ्याकडून डेलावेअर नदी ओलांडली की पेनसिल्व्हेनियातलं लेव्हिटटाउन लागतं. साच्यातून काढल्यासारखी हजारो घरं. बिल्डर काळ्यांना ती विकतच नसे. ऑगस्ट १९५७ मध्ये विल्यम आणि डेझी मायर्स यांनी एका घरमालकाकडून थेट घर घेतलं. पदरात तीन पोरं, धाकटी तर तान्ही. रात्री शेकडो माणसं घरासमोर जमायची. दगडांनी पुढची काच फुटली, एक पोलीस दगड लागून बेशुद्ध पडला. मागच्या घरावर कॉन्फेडरेट झेंडा, म्हणजे गुलामगिरीसाठी लढलेल्या दक्षिणेतल्या राज्यांचा झेंडा, लावून मोठ्यानं गाणी वाजवायचे.

मला त्यात आठवतात ते लगतच्या घरातले वेक्सलर. ज्यू जोडपं. ते मायर्स कुटुंबाच्या पाठीशी उभे राहिले. त्यापायी त्यांच्याही भिंतीवर 'केकेके' रंगवलं गेलं, म्हणजे कु क्लक्स क्लॅन या काळ्यांच्या द्वेष्ट्या संघटनेची आद्याक्षरं.

घरविक्रीतल्या भेदभावाला देशभर बंदी आली ती १९६८ मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या खुनानंतर आठवड्याभरात. आणि आपली माणसं इथं मोठ्या संख्येनं येऊ शकली ती १९६५ च्या स्थलांतराच्या कायद्यामुळे, तोही काळ्यांच्या हक्कांच्या लढ्याच्या रेट्यात झालेला. आपल्या पार्टीत भजी खाता खाता 'कल्लू' म्हणणाऱ्यांना हे कोण सांगणार? तू सांग. तुझ्या नवऱ्याच्या मित्रांपासून सुरुवात कर. अवघड तेच आहे, शेजाऱ्यांशी बोलणं सोपं.

आता दगड येत नाहीत, वस्तीच्या ग्रुपवर दारावरच्या कॅमेऱ्याचा फोटो येतो: "हूडीवाला कोणीतरी फिरतोय, कुणी ओळखतं का?" तुझ्या नव्या शेजाऱ्यांचा तो पंधरा वर्षांचा मुलगा संध्याकाळी कुत्रा फिरवतो म्हणालीस ना? असा फोटो पडला की सगळ्यात आधी तू लिही, "आमच्या शेजारचा आहे." नुसतं इमोजी टाकून गप्प बसू नकोस.

बाकी गुलाबजामचा डबा घेऊन प्रायश्चित्त करायला धावू नकोस. पहिल्याच चहाला वर्णद्वेषाचे अनुभव विचारू नकोस. कचऱ्याची गाडी कुठल्या वारी येते ते सांग. "तुम्ही किती छान बोलता" हे तर चुकूनही नको. तुलाही ऑफिसात कोणी म्हणालं होतं, आठवतं? दोन दिवस धुमसत होतीस.

आणि त्या कुत्र्याचं नाव विचारून ठेव. पुढच्या फोनला सांग.

तुझी,
काकू