रेघ उमटली, पण कशामुळे?

प्रिय,

जुलाबाच्या नमुन्यात क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल या जिवाणूचं विष शोधणाऱ्या तुझ्या स्ट्रिपचे फोटो पाहिले. बफरमध्ये (स्वच्छ क्षारद्रावणात) मिसळलेल्या शुद्ध विषाला रेघ झकास उमटते आहे. आता तो बफर बाजूला ठेव आणि स्टूलचे खरे नमुने घे.

क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिलच्या विषाची चाचणी म्हटली की तिथेच सगळी गंमत आहे. जुलाबाच्या नमुन्यात श्लेष्मा असतो, प्रथिनं तोडणारी एन्झाइम असतात, कधी रक्तही असतं. स्ट्रिपच्या नायट्रोसेल्युलोज पडद्याची छिद्रं तुंबतात, रेघेला रंग देणारे सोन्याचे कण वाटेतच एकमेकांना चिकटतात, स्ट्रिप नीट चालली हे सांगणारी कंट्रोल लाइनसुद्धा रडतखडत येते. त्यात नमुना फ्रिजबाहेर राहिला तर विष इतकं झपाट्याने मोडतं, की दोन तासांत ते सापडेनासं होऊ शकतं. तुझी अँटीबॉडी कितीही उत्तम असो, जे उरलेलंच नाही ते ती कुठून पकडणार? नमुना कधी घेतला, कुठे ठेवला, याची नोंद नसेल तर तो अभ्यासात घेऊच नकोस. याबाबतीत मी हट्टी आहे.

‘पीसीआर असताना हे कशाला?’ असं कुणीतरी विचारणारच. पीसीआरला विषाचं जनुक दिसतं, विष दिसत नाही. काहींच्या आतड्यात हा जिवाणू निमूटपणे राहत असतो. त्यांना दुसऱ्याच कारणाने जुलाब झाले तरी पीसीआर पॉझिटिव्ह येतो. उलट विषाची स्ट्रिप कमी प्रमाण हुकवते. म्हणून अनेक प्रयोगशाळा आधी जीडीएच प्रतिजन (या जिवाणूचं एक एन्झाइम) तपासतात आणि मग त्याची दोन विषं, ए व बी. तुझी स्ट्रिप यात कुठे बसणार, हे आत्ताच ठरव. संवेदनशीलता किती हवी ते त्यावरच ठरेल.

तुलना मात्र पीसीआरशी नको, पेशींवरच्या चाचणीशी कर. विष असेल तर पेशी गोल होतात, आणि अँटिटॉक्सिन घातलं की होत नाहीत. निकालाला 24 ते 48 तास लागतात, काम कंटाळवाणं आहे, पण विष खरोखर काम करतंय का, हे तिथेच कळतं.

आणखी एक. तुझ्या सगळ्यात तीव्र नमुन्याची रेघ मधल्या नमुन्यापेक्षा फिकी दिसते. मला हा हुक इफेक्ट वाटतो: विष इतकं जास्त, की दोन्ही बाजूंच्या अँटीबॉडी वेगवेगळ्या रेणूंवर अडकतात आणि एकाच रेणूला दोन्हीकडून धरणारं, रेघ उमटवणारं सँडविच बनतच नाही. तोच नमुना दहापट पातळ करून पुन्हा लाव. रेघ गडद झाली तर शंका मिटली.

फिकट रेघा दोघांनी वेगवेगळ्या वाचाव्यात, नमुना कोणता ते माहीत नसताना. दोघांचे आकडे जुळवायच्या आधी मला पाठव.