ब्रीदवाक्य लिहिण्यापूर्वी

प्रिय तरुण सहकाऱ्यास,

अनेक आशीर्वाद.

सहा माणसांची जबाबदारी पहिल्यांदाच अंगावर आली असताना तू नेता म्हणून स्वतःचे ब्रीदवाक्य लिहायला घेतलेस, याचा मला मनापासून आनंद झाला. तुझा मसुदा मी तीन वेळा वाचला. ‘प्रामाणिकपणा, सचोटी आणि उत्कृष्टतेचा ध्यास घेऊन मी सहकाऱ्यांना प्रेरणा देईन’ या वाक्यात खोटे काहीच नाही. पण ते दुसऱ्या कोणाच्या नावाखाली वाचले असते तरी मला वेगळे काही वाटले नसते, आणि माझी अडचण नेमकी तिथेच आहे.

सगळे सुरळीत चाललेले असते तेव्हा ब्रीदवाक्याची आठवणही होत नाही. ते लागते दोन चांगल्या गोष्टी एकमेकींच्या आड येतात तेव्हा. ग्राहकाला दिलेला शब्द पाळायचा की आठवडाभर रात्री जागलेल्या सहकाऱ्याला घरी पाठवायचे, असा पेच पडला की ‘उत्कृष्टता’ हा शब्द काहीच सांगत नाही. म्हणून तुझ्या वाक्यात आधी काय आणि नंतर काय हा क्रम असायला हवा, आणि प्रसंगी कशावर पाणी सोडायची तुझी तयारी आहे तेही त्यातून कळायला हवे.

क्रमाचे महत्त्व पटवणारे एक उदाहरण मला नेहमी आठवते. जॉन्सन अँड जॉन्सनचे प्रमुख रॉबर्ट वुड जॉन्सन यांनी 1943 मध्ये कंपनीची तत्त्वे एका पानावर लिहून काढली. त्यात पहिली जबाबदारी औषधे आणि उत्पादने वापरणाऱ्यांची, त्यानंतर कामगारांची आणि समाजाची, आणि भागधारकांची सर्वांत शेवटी, असा क्रम होता. 1982 मध्ये शिकागो परिसरात कोणीतरी याच कंपनीच्या टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये सायनाइड मिसळले आणि सात माणसे दगावली, तेव्हा कंपनीने देशभरातून सुमारे 3 कोटी 10 लाख बाटल्या परत मागवल्या. नुकसान प्रचंड होते. पण वापरणारा आधी की भागधारक, हा वाद त्या पानाने 39 वर्षांपूर्वीच मिटवून ठेवला होता.

माझे स्वतःचे वाक्य मला एका चुकीतून सापडले. नेतृत्व हाती येऊन वर्षही झाले नव्हते. वरिष्ठांसमोरच्या बैठकीत आमच्या अहवालातला एक आकडा चुकीचा निघाला आणि ‘हे कोणी केले?’ असा प्रश्न आला. तो आकडा एका कनिष्ठ सहकाऱ्याने भरला होता, पण अहवाल तपासून त्याच्यावर सही केली होती मी. मी गप्प राहिले. तो खाली मान घालून पेनाचे टोपण काढत आणि लावत होता. शेवटी ‘माझ्याकडून झाले’ असे त्यानेच सांगितले. त्या टोपणाचा आवाज मला आजही ऐकू येतो. त्या रात्री मी डायरीत लिहिले, ‘चूक वर सांगताना पहिले नाव माझे; श्रेय सांगताना पहिले नाव ज्याने काम केले त्याचे.’ पुढे त्यात दोनदा शब्द बदलले, पण क्रम बदलावासा कधी वाटला नाही.

तेव्हा तूही विशेषणे बाजूला ठेव आणि झोप उडवणारे आपले तीन निर्णय कागदावर मांड. प्रत्येकात काय निवडलेस, काय सोडलेस आणि कोणाला त्याची झळ बसली, हे लिही. ज्या निवडीचा आजही पश्चात्ताप होतो ती वगळू नकोस, कारण बहुधा तिच्यातच तुझे खरे वाक्य दडलेले असेल.

मग तो कागद स्पष्ट बोलणाऱ्या एखाद्या माणसाला दाखव. अमेरिकेचे मुत्सद्दी आणि शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँकलिन यांनी तरुणपणी स्वतःसाठी बारा सद्गुणांची यादी केली होती आणि रोजच्या चुकांच्या काळ्या खुणा ते एका छोट्या वहीत करत असत. लोक तुला गर्विष्ठ समजतात, असे क्वेकर या ख्रिस्ती पंथातल्या एका मित्राने सांगितले, तेव्हा कुठे त्या यादीत नम्रता हा तेरावा गुण आला. इतक्या काटेकोरपणे स्वतःला तपासणाऱ्या माणसालाही जो दोष स्वतःहून दिसला नाही, तो मित्राला सहज दिसला. तुझ्या बाबतीत मी असे म्हणेन की वरिष्ठांपेक्षा तुझ्या हाताखाली काम करणाऱ्यालाच विचार. मात्र त्याने सांगितलेले ऐकून घेताना मध्ये खुलासा करू नकोस.

वाक्य किती लांब असावे, ते कुठे लावावे, याची काळजी आता नको. या वेळी मला नवा मसुदाही पाठवू नकोस. त्या तीन निर्णयांची हकिकत पाठव, आहे तशी, खाडाखोडीसकट. आपण ती समोरासमोर बसून वाचू.

तुझी हितचिंतक