आंबट क्राफ्ट बिअर बाटलीत भरताना बूच चांगले की क्राउन झाकण? त्याचा चवीवर खरोखर परिणाम होतो का?

ओकच्या पिंपात वर्षभर मुरवलेल्या आंबट बिअरला बूच आणि तारेची जाळी लावली, तर ती साध्या क्राउन झाकणाच्या (कडा दाबून बसवलेल्या पत्र्याच्या झाकणाच्या) बाटलीपेक्षा चवीला सरस होते का, असे आपण विचारले आहे. बहुतेक वेळा होत नाही, असे माझे मत आहे. बूच आणि झाकण यांच्यातला फरक चवीत उतरायला बराच काळ जावा लागतो; याउलट भरण्याच्या दिवशी बिअरमध्ये किती आंबण्याजोगा अंश शिल्लक होता, आत किती हवा गेली आणि काच किती जाड होती, याचा परिणाम काही महिन्यांतच दिसू लागतो. म्हणून झाकणाकडे वळण्याआधी या तीन गोष्टींबद्दल लिहितो.

साध्या बिअरमध्ये नेहमीच्या यीस्टला न पचणारी डेक्स्ट्रिने, म्हणजे धान्यातल्या जटिल शर्करा, शेवटपर्यंत तशीच राहतात. आंबट बिअरमध्ये मात्र ब्रेटॅनोमायसिस हे वेगळ्या जातीचे यीस्ट, म्हणजे बोलण्यातले ‘ब्रेट’, ती डेक्स्ट्रिनेसुद्धा सावकाश फोडत राहते आणि हे काम बाटलीतही थांबत नाही. विशिष्ट गुरुत्व, म्हणजे पाण्याच्या तुलनेतली घनता, शर्करा आंबत जाते तशी कमी होते; ती ०.००१ ने उतरली की बिअरमध्ये साधारण अर्धा व्हॉल्यूम कार्बन डायऑक्साइड वाढतो. (एक व्हॉल्यूम म्हणजे लिटरमागे सुमारे दोन ग्रॅम वायू.) १.००६ गुरुत्वावर भरलेली बिअर पुढे १.००२ पर्यंत गेली, तर आपण फेसासाठी घातलेल्या साखरेखेरीज दोन व्हॉल्यूम वायू जास्तीचा तयार होतो. एल या नेहमीच्या प्रकारच्या बिअरमध्ये सुमारे अडीच व्हॉल्यूम वायू असतो आणि हलक्या बाटल्या साधारण तीनपर्यंतच भरवशाच्या मानल्या जातात. तेव्हा अशी बिअर त्या काचेत भरणे धोक्याचे आहे, आणि झाकण घट्ट बसले असेल तर काच फुटण्याचा धोका उलट अधिकच असतो. किमान महिन्याच्या अंतराने घेतलेली गुरुत्वाची मापे जुळल्याशिवाय भरूच नये आणि जुळली तरी जाड, शॅम्पेन पद्धतीची बाटलीच घ्यावी. बेल्जियममधील ग्यूझमध्ये, म्हणजे एक, दोन आणि तीन वर्षे मुरलेल्या लॅम्बिकच्या (हवेतल्या रानटी यीस्टने आंबवलेल्या तिथल्या बिअरच्या) मिश्रणात, वायू साडेतीन ते साडेचार व्हॉल्यूमपर्यंत जातो. ती अशा बाटल्यांत भरली जाते, त्यामागे देखाव्याआधी हा हिशेब आहे.

फेसासाठी साखर मोजताना लिटरमागे सुमारे चार ग्रॅम साखरेमागे एक व्हॉल्यूम, हे प्रमाण धरता येते. मात्र साखरेचे प्रमाण सांगणाऱ्या तक्त्यांमध्ये २० अंश सेल्सिअसला बिअरमध्ये आधीच सुमारे ०.८५ व्हॉल्यूम वायू विरघळलेला आहे असे गृहीत धरलेले असते, आणि लाकडात दीर्घकाळ राहिलेल्या बिअरमधून त्यातला बराचसा निघून गेलेला असतो. तक्त्यावर विसंबून भरलेली बिअर मग मिळमिळीत निघते आणि दोष झाकणाला दिला जातो. दुसरे असे की, ३.२ ते ३.५ इतक्या आंबट पीएचमध्ये वर्षभर पडून राहिलेले यीस्ट थकलेले असते; त्यामुळे भरताना वाइन किंवा शॅम्पेनसाठी वापरले जाणारे, आंबटपणा सोसणारे ताजे यीस्ट थोडे घालणे मला आवश्यक वाटते. त्याचा आणखी एक उपयोग असा की, बाटलीत शिरलेला प्राणवायू ते भराभर वापरून टाकते.

प्राणवायू हा या बिअरचा खरा शत्रू आहे. तो मिळाला की अ‍ॅसेटोबॅक्टर हा जिवाणू मद्यार्काचे अ‍ॅसेटिक आम्ल करतो, ब्रेटही त्यात भर घालते आणि लॅक्टिक आम्लाच्या सौम्य आंबटपणाची जागा घसा जाळणारी, व्हिनेगरसारखी चव घेते. भरल्यानंतर काही आठवड्यांनी घोट गिळल्यावर मागे राहणारी उंदरांच्या पिंजऱ्यासारखी चवही याच वर्गातली; तिला कारणीभूत असणारी टेट्राहायड्रोपिरिडीन ही संयुगे आंबट द्रवात वासाला कळत नाहीत, तोंडातल्या लाळेने आम्लता कमी झाली की जाणवतात. ही चव पुष्कळदा काही महिन्यांत आपोआप जाते. पेडिओकॉकस या जिवाणूमुळे बिअर तेलासारखी तार धरणारी होते, तेही ब्रेट कालांतराने निस्तरते. अशा बाटल्या ओतून देण्याची घाई करू नये. भरताना मात्र बाटलीतली हवा कार्बन डायऑक्साइडने हाकलावी, नळी तळापर्यंत न्यावी आणि वर आलेल्या फेसावरच झाकण दाबावे.

आता झाकण. विल्यम पेंटर यांनी १८९२ मध्ये पेटंट घेतलेले क्राउन झाकण स्वस्त, एकसारखे आणि दाब सहन करणारे आहे. जाड बाटल्यांच्या तोंडाचे माप २६ किंवा २९ मिलिमीटर असू शकते. ते तपासून झाकण आणि यंत्राचा साचा निवडावा, कारण चुकीच्या मापाचे झाकण वरून बसल्यासारखे दिसते आणि आतून हळूहळू वायू सोडत राहते. प्राणवायू शोषणाऱ्या अस्तराची झाकणेही मिळतात, पण जिवंत यीस्ट असलेल्या बिअरमध्ये त्यांचा फायदा मला किरकोळ वाटतो.

बूच दाबून बसवले की सुरुवातीचा प्राणवायू पुष्कळसा त्याच्याच पेशींत अडकलेल्या हवेतून येतो आणि नैसर्गिक बुचांमध्ये एकापासून दुसऱ्यापर्यंत फरक असतो, म्हणून एकाच दिवशी भरलेल्या बाटल्या पुढे वेगवेगळ्या निघू शकतात. बुचातील ट्रायक्लोरोअ‍ॅनिसोल हे कुबट वासाचे संयुग हा दुसरा धोका. त्याचे प्रमाण कुबट वास येण्याइतके नसले तरी फळांचा गंध दबतो आणि बिअर नुसती निर्जीव लागते. चेरी किंवा रास्पबेरी घातलेल्या बिअरमध्ये हे फार खटकते. बूच लावायचेच असेल, तर बाटल्या आडव्या ठेवण्याची लॅम्बिकवाल्यांची प्रथा चालवावी, म्हणजे बूच ओले राहते. ब्रुसेल्समधील १९०० साली सुरू झालेल्या काँतियाँसारखे उत्पादक बुचावर तारेऐवजी क्राउन झाकण बसवतात, ही तडजोड मला विशेष पटते. कळ दाबून उघडणाऱ्या बाटल्यांचे रबर जुने होते, म्हणून त्या काही महिन्यांत संपवायच्या बिअरपुरत्याच ठीक आहेत.

आपण वर्णन केलेल्या बिअरसाठी मी जाड बाटली आणि तिच्या तोंडाला नेमके बसणारे क्राउन झाकण निवडेन, आणि त्याच खेपेतल्या काही बाटल्या बुचाने बंद करून अंधारात ठेवेन. सहा महिन्यांनी, वर्षाने आणि त्यानंतरही दोन्ही प्रकारच्या बाटल्या एकाच वेळी उघडाव्यात आणि दुसऱ्या कोणाला तरी पेले भरायला सांगून, कोणत्या पेल्यात काय आहे हे न कळता चाखून पाहावे.