गोव्यात जुनी लक्झरी सेडान घ्यावी का? गाडी फक्त २८ हजार किलोमीटर चाललेली आहे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राहायला म्हापशात, बजेट १३ लाख. आसगावात बंगला असलेल्या एका मुंबईकराची २०१६ची जर्मन डिझेल सेडान तुम्ही बघून आलात. गाडी २८ हजार चाललेली, रंग आरशासारखा, मालक एकच. घरचे म्हणतात नवी छोटी एसयूव्ही घे, आणि तुमचा जीव या गाडीत अडकलाय.

जुनी लक्झरी गाडी जरूर घ्या. मी स्वतः घेतली आणि आजही चालवतो. पण ज्या २८ हजारांवर तुम्ही भुललात, त्याच आकड्याची मला भीती वाटते.

माझं फोंड्यात औषधांचं दुकान आहे, गाड्यांच्या धंद्याशी संबंध नाही. २०२०च्या शेवटी शिवोलीतल्या एका बंगल्यातून २०१२ची गाडी साडेअकरा लाखांना घेतली. नवी असताना तिला पन्नासच्या आसपास पडले होते. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता. ३१ हजार किलोमीटर, फणसाच्या झाडाखाली कव्हर घालून ठेवलेली, मालक वर्षातून दोनदा येणारे. मी मनात म्हटलं, लॉटरी लागली.

पहिला जून उजाडला. तीन दिवस सलग पाऊस, चौथ्या दिवशी सकाळी किल्ली फिरवली तर डॅशबोर्ड नाताळातल्या नखेत्रासारखा उजळला. एअरबॅग, एबीएस, गिअरबॉक्स, सगळे दिवे एकदम. गॅरेजवाल्या मेस्ताने स्कॅनर बाजूला ठेवला आणि आधी ड्रायव्हरच्या पायाखालचं कार्पेट उचललं. वरून हात लावला तर कोरडं. पण खाली दोन बोटं जाड फोम असतो, तो त्याने मुठीत दाबला तर ओल्या स्पंजासारखं पाणी गळलं. फोमच्या खाली वायरिंगचा जोड होता, त्याच्या पितळी पिनांवर हिरवी बुरशीसारखी साय धरलेली.

पाणी आलं होतं छपरातून. सनरूफच्या चौकटीला कोपऱ्यांत बारीक नळ्या असतात, पावसाचं पाणी त्यांतून खाली उतरून गाडीबाहेर पडतं. आठ वर्षांचा फणसाचा पाला कुजून त्या नळ्यांत बसला होता, म्हणून पाणी आतल्या बाजूने खांबातून उतरत राहिलं. मेस्ताने गवत कापायच्या मशीनची जाड नायलॉन दोरी नळीत सरकवत सरकवत ती मोकळी केली. हवेचा पाइप लावू नका म्हणाला, जोराने नळी आतल्या आत निसटते आणि मग छपराचं अस्तर उतरवावं लागतं. काम करता करता त्याने मला एकच वाक्य ऐकवलं: "पात्रांव, गाडी चलोवपाक आसता, दवरपाक न्हय." म्हणजे शेठ, गाडी चालवायला असते, ठेवून द्यायला नव्हे.

वायरिंग, एक मॉड्यूल (गाडीतला छोटा संगणकच तो) आणि कार्पेट वाळवणं मिळून १ लाख ४० हजार गेले, गाडी तीन आठवडे अडकली. वर चार टायर. नक्षी नव्यासारखी होती, पण टायरच्या कडेवर चार आकडे असतात ते मी वाचलेच नव्हते: १४१२. म्हणजे २०१२च्या चौदाव्या आठवड्यात बनलेले. रबर प्लॅस्टिकसारखं कडक झालं होतं. तुम्ही बघितलेल्या गाडीचे ते चार आकडे आजच जाऊन वाचा.

गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस, वर किनाऱ्याचं खारं वारं. अशा हवेत उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर म्हातारी होते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, डिस्क गंजतात, कातडी सीटवर बुरशी धरते, बॅटरी मरते. पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली संसार थाटतात आणि वायरी कुरतडतात. मला कोणी विचारलं तर मी ९० हजार चाललेली, रोज पणजीला जाऊन येणारी, दरवर्षीच्या सर्व्हिसची बिलं असलेली गाडी डोळे मिटून घेईन. तिचं काय बिघडायचं ते बिघडून कोणीतरी दुरुस्त केलेलं असतं.

२८ हजार हा आकडा खरा आहे का, ही शंकाही घ्याच. मीटर मागे फिरवणं अवघड राहिलेलं नाही. पण या गाड्यांत किलोमीटर इतर मॉड्यूलमध्येही नोंदलेले असतात, बीएमडब्ल्यूच्या तर किल्लीतही. चांगला स्कॅनर असलेल्या स्वतंत्र गॅरेजात नेलं तर तफावत लगेच दिसते.

आता फायद्याचं बोलतो, नाहीतर वाटेल मी घाबरवायलाच बसलोय. विमा कंपन्यांच्या घसाऱ्याच्या तक्त्यात पाचव्या वर्षाअखेर गाडीची किंमत निम्मी धरतात, आणि लक्झरी सेडानचा बाजारभाव त्याहूनही खाली जातो. ते नुकसान पहिल्या मालकाने सोसलेलं असतं. त्यात २२ सप्टेंबर २०२५पासून नव्या मोठ्या गाड्यांवरचा जीएसटी सेससकट ४८ टक्क्यांवरून सरसकट ४० वर आला. नवीच स्वस्त झाल्यावर जुनीला जुना भाव का द्यायचा? घासाघीस करताना हा मुद्दा काढा.

आणि चालवण्याचं सुख. आम्ही चोर्ला घाटातून बेळगावला जातो तेव्हा सासूबाई, ज्यांना पूर्वीच्या गाडीत साखळी गाव सोडलं की लिंबू लागायचं, मागच्या सीटवर घोरत असतात. वळणावर गाडी रस्ता सोडत नाही. पेडण्याच्या बाजूला हायवेवर शंभरच्या वेगातही कुजबुजत बोललेलं ऐकू येतं. तेरा लाखांच्या नव्या गाडीत हे मिळत नाही.

पण हे पक्कं धरून चाला: गाडी तेरा लाखांची झाली तरी तिचे पार्ट पन्नास लाखांच्या गाडीचेच राहतात. विकत घेताना निदान अडीच-तीन लाख बाजूला काढा आणि पहिल्या वर्षात ते जातील असंच समजा. सगळेच्या सगळे तेरा गाडीत घालणार असाल तर नवी एसयूव्ही घ्या, सुखी राहाल.

खर्च कमी करायची एक युक्ती मला उशिरा कळली. आपल्या गावोगावच्या गतिरोधकांवर या गाड्यांचे सस्पेन्शनचे आर्म आणि बुश लवकर जातात. कंपनीच्या खोक्यातला आर्म बऱ्याचदा लेमफोर्डरसारख्या सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीनेच बनवलेला असतो. तोच माल लेमफोर्डरच्या खोक्यात बराच स्वस्त मिळतो. मी पुण्याहून मागवतो.

इंजिनाचं नाव-गाव विचारा. २०१४च्या आसपासपर्यंतच्या बीएमडब्ल्यू ३२०डी आणि ५२०डीमध्ये एन४७ डिझेल इंजिन होतं, त्याची टायमिंग चेन गिअरबॉक्सच्या बाजूला, म्हणजे मागे आहे. थंड इंजिन सुरू करताना मागून खरखर आली तर निघून या, कारण त्या चेनच्या कामाला सहसा इंजिनच उतरवावं लागतं. त्याच काळातल्या ऑडीच्या पेट्रोल टीएफएसआय इंजिनांची ख्याती ऑइल पिण्यासाठी आहे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल 'आयुष्यभराचं' आहे असं विक्रेता सांगेल. झेडएफ ही गिअरबॉक्स बनवणारी कंपनीच ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला ते बदलायला सांगते. बजेट वाढवून २०२० नंतरची बीएस-६ डिझेल बघणार असाल तर रोजचं अंतर मोजा. म्हापसा-पणजी तेरा किलोमीटर, त्यात ट्रॅफिक. इतक्या छोट्या फेऱ्यांत धुराचा फिल्टर स्वतःला साफ करायला वेळच मिळत नाही आणि तुंबतो. त्यापेक्षा पेट्रोल बरी.

कागदपत्रांचं पटकन. बंगलेवाल्यांच्या गाड्यांना बऱ्याचदा एमएच पाटी असते. दुसऱ्या राज्यातली गाडी इथे बारा महिन्यांहून जास्त ठेवायची तर गोव्याचा नंबर घ्यावाच लागतो: तिथल्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८, मग इथला रोड टॅक्स. तो खर्च किमतीतून वजा करून बोला. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर बँकेच्या पत्रासोबत ३५. विमा चौदा दिवसांत नावावर करून घ्या. नो क्लेम बोनस विकणाऱ्याचा असतो, तो तुम्हाला मिळत नाही. दिल्लीच्या नंबरची डिझेल स्वस्तात दिसली तर कारण ओळखा. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीची टांगती तलवार अनेक वर्षं राहिली आहे. शिवाय कोल्हापूर-सांगलीकडची गाडी असेल तर २०१९ आणि २०२१च्या पुरांची आठवण ठेवून सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. तांबडी धूळ आपल्याकडे सगळ्याच गाड्यांत असते, पण बेल्टच्या शेवटच्या वीतभर भागात गाळाची रेघ धुळीने येत नाही.

तर आसगावच्या गाडीकडे पुन्हा जाल ते भर पावसात जा, आणि आधी फोन करून सांगा की इंजिन सुरू करून ठेवू नका. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा, थंडगार लागलं पाहिजे. चारही पायदाणांखालचा फोम दाबा, डिकीच्या तळाचं झाकण उचला, तिथे बऱ्याचदा बॅटरी आणि मॉड्यूल असतात. आत अत्तराचा घमघमाट असेल तर तो कुबट वास झाकायला आहे असं समजा. मग लिफ्टवर चढवून खालचा गंज बघायला मागा. एवढ्यातून गाडी पास झाली तरी मी दहाच्या वर गेलो नसतो, कारण टायर, बॅटरी आणि सगळी तेलं तुम्हालाच बदलायची आहेत. लिफ्टवर न्यायला मालक नाही म्हणाले, तर त्यांच्याकडचा चहा घ्या आणि म्हापशाला परत या.