साठीतला योद्धा, विशीतली टोळी

प्रश्न : मी 63 वर्षांचा आहे. सतराव्या वर्षी मला टेबलटॉप रोल-प्लेइंग खेळांची, म्हणजे टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एकेक काल्पनिक पात्र होऊन फाशांच्या साथीने गोष्ट पुढे नेण्याच्या खेळांची, गोडी लागली. पुढे नोकरी आणि संसारात हा छंद सुटला, तो निवृत्तीनंतर पुन्हा धरला. माझ्या गटातले बाकीचे पाचही जण पंचविशीच्या आतबाहेरचे आहेत. पहिली दोन वर्षे मजेत गेली. गेल्या महिन्यात मात्र मला कळले की त्यांनी मला न सांगता दुसरी मोहीम, म्हणजे अनेक बैठकांत चालणारी नवी गोष्ट, सुरू केली आहे. आमचा गेम मास्टर, म्हणजे गोष्ट सांगत खेळ चालवणारा मुलगा, मागे एकदा हसत म्हणाला होता, "काका, तुम्ही आमच्यापेक्षा नियमांशीच जास्त बोलता." शिवाय एका सत्रात गटातली एक मुलगी पकडलेल्या गॉब्लिनशी, म्हणजे गोष्टीतल्या एका छोट्या राक्षसाशी, बराच वेळ बोलत बसली होती. वेळ वाया जातो आहे असे वाटून माझ्या योद्ध्याने त्याला मारून टाकले. तेव्हापासून ती माझ्याशी तुटक वागते. घरचे म्हणतात की हा पोरांचा खेळ आहे, या वयात शोभत नाही. मी मानाने बाजूला व्हावे का?

उत्तर : घरच्यांच्या आक्षेपावर फार शाई खर्च करण्याचे कारण नाही. 1974 साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा या प्रकारातला आद्य खेळ बाजारात आला, तेव्हा त्याच्या दोन कर्त्यांपैकी गॅरी गायगॅक्स 35 वर्षांचे संसारी गृहस्थ होते आणि डेव्ह आर्नेसन 26 वर्षांचे. टेबलावर छोटे सैनिक मांडून लढाया खेळणाऱ्या मोठ्या माणसांच्या वर्तुळात हा खेळ जन्मला. शाळकरी मुलांनी तो नंतर डोक्यावर घेतला, आणि ती मुलेच आज तुमच्या वयाची आहेत. अडचण असलीच तर ती वेगळी आहे. या छंदात म्हातारी होणारी तुमची पहिलीच पिढी असल्यामुळे, टेबलावरच्या वडीलधाऱ्याने कसे वागावे हे तुम्हाला कोणाकडे पाहून शिकता आले नाही.

त्या गॉब्लिनपाशी मात्र मला थांबावेच लागेल, कारण तुमच्या पत्राची गाठ तिथे आहे.

तुम्ही जुन्या पद्धतीचे खेळाडू आहात आणि जुना खेळ धडाकेबाज होता, अशी तुमची समजूत दिसते. वस्तुस्थिती जवळपास उलटी आहे. त्या काळच्या नियमांत हिट पॉइंट्स, म्हणजे पात्राच्या जिवाचे गुण, शून्यावर आले की पात्र मेले, आणि पहिल्या पातळीच्या जादूगाराकडे ते जेमतेम दोन-तीन असत. पात्राला वरच्या पातळीवर नेणारे अनुभवाचे गुण प्रामुख्याने बाहेर आणलेल्या खजिन्यावर मिळत, एका सोन्याच्या नाण्याला एक गुण या हिशेबाने. 1981 च्या 'बेसिक' नियमपुस्तिकेत गॉब्लिन मारण्याचे अवघे 5 गुण आहेत, आणि तेही सगळ्या टोळीत वाटून घ्यायचे. म्हणूनच शहाणे खेळाडू दहा फुटी काठीने जमीन ठोकत पुढे जात आणि शक्यतो लढाई टाळत. समोर आलेला राक्षस हल्ला करील, की घुटमळेल, की चक्क मैत्री करील, हे ठरवायला दोन साध्या फाशांचा वेगळा तक्ता असे. तेव्हा कैद्याशी बोलून पुढच्या दालनात काय आहे ते काढून घेणारी ती मुलगीच त्या दिवशी टेबलावरची सर्वांत जुन्या वळणाची खेळाडू होती. तुम्ही वारसा सांगितलात तो जुन्या खेळाचा नव्हे, तुमच्या स्वतःच्या घाईचा.

हे कडू वाटेल, पण यात तुमच्या सोयीची एक गोष्ट दडलेली आहे. वय कमी करता येत नाही, घाई कमी करता येते.

आता त्या मुलीच्या बाजूने पाहा. 2014 च्या पाचव्या आवृत्तीपासून खेळायला लागलेल्या माणसाचा पात्राशी संबंधच निराळा असतो. तिथे शून्यावर गेलेले पात्र साधारणतः बेशुद्ध पडते. मग आपली खेळी आली की दर वेळी वीस बाजूंचा फासा टाकायचा. 10 किंवा त्याहून जास्त पडले तर यश, कमी पडले तर अपयश. तीन यशांत जीव वाचतो, तीन अपयशांत जातो. इतक्या सहजी न मरणाऱ्या पात्राला खेळाडू बालपण देतो, हरवलेला भाऊ देतो, एखादी न फेडलेली शपथ देतो आणि वर्ष-दोन वर्षे त्याच्यासोबत राहतो. तुम्ही सतराव्या वर्षी दहा मिनिटांत नवे पात्र तयार करून पुन्हा खेळात शिरत होता, त्यामुळे एखादा प्रसंग मध्येच तोडला गेला तर कोणाचे काही जाते, हे तुमच्या हाडात मुरलेले नाही. तुमच्या लेखी एक गॉब्लिन मेला. तिच्या लेखी तिची खेळी कोणीतरी तिच्या हातातून काढून घेतली, आणि ज्याने घेतली तो वयाने मोठा असल्यामुळे तिला टेबलावर काही बोलताही आले नाही. 'काका' या शब्दाची ही दुसरी बाजू आहे. तो मान देतो आणि समोरच्याचे तोंडही बंद करतो.

गेम मास्टरच्या वाक्याकडेही याच नजरेने पाहा. कोणीतरी तलवार चालवली आणि फाशावर 13 पडले, एवढ्यात तुम्ही जुना हिशेब सांगू लागता, असे मी गृहीत धरते: पूर्वी आर्मर क्लास, म्हणजे शत्रूच्या बचावाचा आकडा, जितका कमी तितका चांगला असे, आपल्या 'थॅको'तून, म्हणजे शून्य आर्मर क्लासच्या शत्रूला लागायला फाशावर जो आकडा लागे त्यातून, तो वजा करायचा, म्हणजे 18 मधून 5 गेले तर 13 पडायला हवेत. मला स्वतःला ही वजाबाकी फार आवडते आणि 2000 साली तिसऱ्या आवृत्तीने ती मोडीत काढली याची चुटपुट अजून आहे. पण मधल्या सुट्टीत जी गोष्ट रंगते, तीच चालू लढाईत पाच जणांना ताटकळत ठेवते. तो पोरगा तुम्हाला हसत हसत इशारा देत होता.

तरुणांना मात्र मी मोकळे सोडणार नाही. दोन वर्षे सोबत खेळलेल्या माणसाला न सांगता दुसरी मोहीम मांडणे हा भित्रेपणा आहे. ज्याला बोलायचे होते त्याने विनोदाच्या आडून एकदा बोलून पाहिले आणि नंतर सगळे गप्प बसले. अर्थात ती मोहीम तुम्हाला टाळण्यासाठीच सुरू झाली, असे तुमच्या पत्रातून सिद्ध होत नाही. ती कदाचित मध्यरात्रीपर्यंत चालत असेल आणि तुम्हाला झेपणार नाही असे त्यांनी परस्पर ठरवले असेल. तेही चूकच, पण वेगळी चूक.

म्हणून विचारा, मात्र सगळ्यांसमोर नको. गेम मास्टरला एकट्याला गाठा आणि साधारण असे सांगा: "दुसऱ्या मोहिमेबद्दल कळले. तिथे मला घ्या असे म्हणायला आलेलो नाही. माझ्यासोबत खेळताना कशाचा त्रास होतो, ते मला सरळ सांग." मग तो बोलेल तेवढा वेळ गप्प राहा. त्याच्या तोंडून गॉब्लिनचा विषय निघाला तर स्वतःची बाजू मांडू नका. पुढची मोहीम सुरू होईल तेव्हा तिच्याआधी 'सेशन झिरो' घ्यावे, असे तुम्हीच सुचवा. फासे न टाकता कशा प्रकारचा खेळ हवा, काय नको, किती वेळ बसायचे, हे ठरवण्याची ही बैठक असते, आणि तिचा आग्रह सर्वांत अनुभवी खेळाडूकडून आला तर बाकीच्यांचा जीव भांड्यात पडेल.

त्या बैठकीत तुमच्या गरजाही न लाजता मांडा. फाशांवरचे बारीक आकडे दिसत नसतील तर मोठ्या आकड्यांचे फासे मिळतात. पात्राची माहिती लिहिलेला कागद, म्हणजे कॅरेक्टर शीट, मोठ्या अक्षरात छापून घेता येते. तिघे एकदम बोलले की काहीच ऐकू येत नसेल तर एका वेळी एकानेच बोलावे असे म्हणा, त्याने खेळही सुधारतो. रात्री अकराला खेळ सोडून उठायचे असेल तर तेही आधीच सांगा. ही सवलत मागणे नाही. लहान मुले असलेले तरुण आईबापही नेमके हेच मागत असतात.

मार्गदर्शकाची भूमिका काही महिने खुंटीला टांगून ठेवा. तुमच्या योद्ध्याने प्रत्येक सत्रात दुसऱ्या एखाद्या पात्राला मनापासून एक प्रश्न विचारावा: तुझ्या भावाचे काय झाले, ही शपथ कोणाला दिली होतीस. जुने नियम खरोखरच दाखवायचे असतील तर एका बैठकीत संपणारा खेळ तुम्ही स्वतः चालवा. तीन तासांचा, तयार पात्रांचा, आणि "ही पात्रे पटापट मरतात, मरताना मजा येते" असे आधीच बजावून. शिकवतो म्हणून बोलावलेत तर कोणी येणार नाही, मरायला या म्हणालात तर पाचही जण येतील.

मानाने बाजूला होण्याचा विचार इतक्यात करू नका. न विचारता निघून जाणे म्हणजे त्यांनी जे केले तेच तुम्ही करणे होय. गेम मास्टरने स्पष्टपणे नको म्हटले, तर मात्र रेंगाळू नका. दुसरा गट शोधा, आणि तिथे पहिल्या दिवशी किती वर्षांचा अनुभव आहे हे कोणी विचारल्याखेरीज सांगू नका.

राहिली ती मुलगी. तिची माफी मागताना वेळ कसा कमी होता, हे समजावत बसू नका. "तुझा प्रसंग मी तोडला, ते चुकले," एवढे पुरे. आणि मग तिला विचारा की त्या दिवशी ती गॉब्लिनला पुढे काय विचारणार होती. माझा अंदाज आहे की तिला ते अजून नीट आठवत असेल.