महिला सरपंच नुसत्या सहीपुरत्या असतात, कारभार नवराच करतो. मग त्यांना पुरुषांच्या बरोबरीने का मोजायचं?

वरचा प्रश्न विचारणाऱ्याने सोबत लिहिलंय की सातारा जिल्ह्यातल्या त्यांच्या गावात सरपंचबाई आहेत, पण ग्रामपंचायतीत यजमान बसतात. बरं. मग तुमच्या गावचा मागचा पुरुष सरपंच तरी स्वतःच्या डोक्याने चालत होता का, तेही लिहा की. कृष्णा-वारणेच्या पट्ट्यात पॅनेल साखर कारखान्याच्या गटावरून बनतं. उमेदवारी कुणाला, उपसरपंचाने किती महिन्यांनी राजीनामा द्यायचा, गटाराचं काम कुणाला, सगळं नेत्याच्या बंगल्यावर ठरतं आणि बाप्या सरपंच मुकाट सही करतो. त्याला गाव निष्ठावंत म्हणतं. बाईने घरात विचारून सही केली की ती बाहुली.

सांगलीकडच्या खानापूर तालुक्यातल्या एका गावचं प्रकरण सांगतो, नाव घेत नाही. डिसेंबर २०२२ च्या निवडणुकीत बाई थेट जनतेतून निवडून आल्या, बॉडी, म्हणजे सदस्य, मात्र विरोधी पॅनेलची. थेट सरपंच २०१७ ला आला, २०२० ला गेला, २०२२ ला परत आला. तो आला की सरपंच एका गटाचा आणि बहुमत दुसऱ्या गटाचं, हा तिढा ठरलेला. सरपंच पुरुष असला तर दोन्ही गट चहाला बसून मिटवतात. इथे मिटलं नाही, कारण बाईंनी पाणीपट्टीला हात घातला. नमुना ९ ची मागणी नोंदवही काढून थकबाकीदारांची यादी फलकावर लावली. मग नळाला थेट मोटर लावणाऱ्यांकडे वळल्या. अर्ध्या एचपीची मोटर नळाला जोडली की वरच्या आळीला पाणीच चढत नाही, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला बरोबर घेऊन मोटरी उचलल्या, ग्रामपंचायतीत आणून ठेवल्या. त्यात एक मोटर सदस्याच्या घरातली निघाली.

दोन वर्षं होईपर्यंत अविश्वास आणता येत नाही, म्हणून सगळे गप्प. २०२५ उजाडलं आणि तहसीलदारांकडे अर्ज गेला. अर्जातलं पहिलं कारण, 'सरपंच यांच्या पतीचा कारभारात हस्तक्षेप'. दुसरं कारण, 'सरपंच सदस्यांना विश्वासात न घेता मनमानी कारभार करतात'. एका कागदावर, एकाखाली एक. नवरा चालवतो म्हणावं तर मनमानी बाईंची, आणि बाई मनमानी करतात म्हणावं तर नवऱ्याचा हस्तक्षेप कुठला? सही करणाऱ्यांपैकी कुणाला यात काही खटकलं नाही. त्यातलेच दोघे तिघे मोटर परत मिळावी म्हणून यजमानांना फोन करत होते, "भाऊ, तेवढं वहिनींना सांगा की." हस्तक्षेप करा अशी विनंती करायची आणि हस्तक्षेप होतो म्हणून तक्रारही द्यायची.

पुढचं रीतसर झालं. अर्ज आल्यापासून सात दिवसांत तहसीलदार विशेष सभा लावतात. तोवर सदस्य सहलीला, मोबाइल बंद, थेट सभेच्या दिवशी गाडीतून हजर. तीन चतुर्थांशाचं गणित जुळलं, ठराव झाला. पण थेट निवडून आलेल्या सरपंचाला तेवढ्यावर काढता येत नाही. ठराव विशेष ग्रामसभेपुढे जातो, तिथे गुप्त मतदान होतं. ऐन द्राक्षकाढणीचे दिवस, बायका बागेत. तरी रोजगार बुडवून आल्या आणि ठराव पाडला. आता गावात म्हणतात, बाईने बायका फितवल्या. हेच माणसं गोळा करणं पुरुषाने केलं असतं तर त्याच्या संघटनकौशल्याचे बॅनर लागले असते.

अविश्वास जमला नाही तर दुसरं हत्यार अतिक्रमणाचं. ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम १४(१)(ज-३). सरकारी किंवा गावच्या जागेवर अतिक्रमण असलं की सदस्यपद जातं. कायदा दोघांना सारखाच, पण बाई जिथे नांदते ते घर सासऱ्याने तिच्या लग्नाआधी बांधलेलं असतं. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सासऱ्याच्या अतिक्रमणात राहणाऱ्या एका सदस्येचं पद गेलेलं कायम ठेवलं. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याच्या सरपंचांवर हाच डाव पडला होता, त्यांना मात्र २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने पद परत दिलं आणि बाई सरपंच झाली हेच गावाला पचलं नाही, अशा अर्थाचं स्पष्ट लिहिलं. म्हणून बाईला उभं करणाऱ्यांनी अर्ज भरण्याआधी घराचा नमुना ८ चा (कर आकारणी नोंदवहीचा) उतारा काढावा, हद्दीची शंका असेल तर भूमी अभिलेखकडून मोजणी करून घ्यावी. तक्रार जिल्हाधिकाऱ्यांपुढे चालते, तिथून अपील पुण्याला विभागीय आयुक्तांकडे, आणि ऐन कामाच्या काळात तारखांची वारी सुरू.

वर आमदार-खासदारकीच्या पायरीवरही तेच. आर. आर. आबा पाटलांच्या पश्चात २०१५ ला त्यांच्या पत्नी सुमनताई तासगाव-कवठेमहांकाळमधून निवडून आल्या तेव्हा सगळे म्हणाले सहानुभूतीची लाट. २०१९ ला पुन्हा आल्या, तेव्हाही लाटच. साडेचार वर्षं ओसरत नाही अशी कसली लाट? शेजारच्या पलूस-कडेगावात २०१८ ला पतंगराव कदमांच्या पश्चात त्यांचा मुलगा विश्वजित कदम बिनविरोध आले, तो वारसा. २०२४ ला तासगावात आबांचा मुलगा रोहित पाटील आले, तोही वारसा. मला तिघांपैकी कुणाशी देणंघेणं नाही. पण पारावर बसून 'बाई काय, नवऱ्याच्या पुण्याईवर आली' म्हणणाऱ्यांनी 'पोरगा बापाच्या पुण्याईवर आला' हेही त्याच आवाजात म्हणावं. कराडहून प्रेमलाकाकी चव्हाण १९७३ पासून खासदार म्हणून दिल्लीत जात होत्या, पुढे त्याच मतदारसंघातून १९९१ ला त्यांचा मुलगा पृथ्वीराजबाबा गेले. वारसा आईकडून आला असं म्हणताना मी तरी कुणाला ऐकलं नाही.

आता तुमचा प्रश्न. नवरे कारभार करतात का? करतात, बऱ्याच गावांत करतात, आणि ते बेकायदाच आहे. माझं एवढंच म्हणणं की अंदाजाने बोलू नका, तपासा. वित्त आयोगाचा पैसा सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (जुने ग्रामसेवक) यांच्या डिजिटल सहीने निघतो. ती सही असलेली डोंगल कुणाच्या खिशात असते ते बघा. बाईंच्या पर्समध्ये असली तर अर्धा प्रश्न मिटला, यजमानांच्या किंवा कॉम्प्युटरवाल्या पोराच्या ड्रॉवरमध्ये असली तर तुमचं खरं. पुरुष सरपंचाचीही डोंगल बघा, बहुतेक वेळा त्याच ड्रॉवरमध्ये सापडेल. खर्चाचे आकडे ई-ग्रामस्वराज पोर्टलवर घरबसल्या दिसतात. मासिक सभेच्या प्रोसिडिंगची (इतिवृत्ताची) नक्कल माहिती अधिकारात मागा, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून, पानाला दोन रुपये, तीस दिवसांची मुदत. ठराव कुणी मांडला, कुणी अनुमोदन दिलं, सगळं त्यात असतं. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते, तिचं प्रोसिडिंग वेगळं मागा. ते कोरं असलं किंवा सगळ्या सह्या एकाच हाताच्या असल्या तर बाई सरपंच असो की बाप्या, कारभार कागदावरचाच आहे.

बाई आहे म्हणून प्रत्येकजणी चांगलाच कारभार करते असंही नाही. पैसे खाणाऱ्या सरपंचबाई मीही पाहिल्यात, त्यांना सोडा असं कुणी म्हणत नाही.

आणि माहिती अधिकारात थकबाकीची यादी मागणार असाल तर आधी आपलं घर त्यात नाही ना, बघून घ्या.